परतीची नळी

नवा कार्बोरेटर आणला की जुनी गाडी चालू होते, अशी ज्या कुणाची भाबडी समजूत असेल त्याने एकदा आमच्या पार्किंगमध्ये येऊन माझे हात हुंगावेत. घरातले सगळे साबण झिजले, शेजाऱ्यांनी सुचवलेले उपाय झाले, तरी पेट्रोलचा वास गेलेला नाही. ऑफिसात मी जवळून गेलो की लोक काडेपेटी खिशात ठेवतात.

गाडी माझी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सासऱ्यांची. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले ते ही बंद गाडी टेम्पोमागे दोराने बांधून. आता जावयाच्या घरात राहायचं म्हणजे त्यांच्यासारख्या ताठ माणसाला रोजचंच संकट. पंखा लावायचा तर विचारणार. सोफ्यावर असे टेकणार की जणू पुढच्या थांब्यावर उतरायचंय. बायको म्हणायची, "बाबा, हे तुमचंच घर आहे." ते "हो, हो" म्हणायचे, पंखा बंद करायचे आणि खाली जाऊन गाडीत बसायचे. गाडीत मात्र मालक! स्टिअरिंगवर पेपर पसरून वाचणार, काच खाली करून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणार, वाकडी स्कूटर लावणाऱ्याला झापणार. एकदा मी नुसता शेजारून जात होतो तर दार उघडून म्हणाले, "या ना, बसा." मी बसलो. ज्या इमारतीचे हप्ते मी फेडतोय तिच्याच तळाशी मी पाहुणा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. अमुक वयाच्या पुढच्या गाड्यांनी स्वतःच्या इंजिनावर चालत तपासणीला हजर व्हावं. न झाल्यास नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. सासऱ्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. गाडी गेली की मी धाकट्याकडे जाईन."

धाकटा म्हणजे माझा मेव्हणा. रात्रभराच्या प्रवासावरच्या गावात राहतो. घर असं की एकाने कूस बदलली तर दुसऱ्याने उठून उभं राहावं. बायको उठली. स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला. आमच्या घरात नळ पूर्ण सुटला की समजायचं, बाई रडतायत. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "अहो, काहीतरी करा."

"मी करतो," मी म्हणालो. हे वाक्य मी फार क्वचित उच्चारतो, आणि उच्चारलं की पुढे घराला रंग तरी द्यावा लागतो नाहीतर फरशी तरी बदलावी लागते. पण खरं सांगतो, म्हातारा जाऊ नये असं मलाही वाटत होतं. संध्याकाळी दमून आल्यावर पार्किंगमधून कुणीतरी काच खाली करून "आलात?" असं विचारतं, याची माणसाला सवय लागते. ऑफिसातून निघताना मला कुणी "चाललात?" असंसुद्धा विचारत नाही.

मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, जुन्या कार्बोरेटरला पडलेली चीर बघितली, आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं आमच्याकडे बघितलं. मग कुठूनतरी बदली कार्बोरेटर पैदा केला. "थोडा पुढच्या मॉडेलचा आहे, पण बसेल," म्हणाला. बसवला. हात पुसले. "नळ्यांचं तेवढं तुम्ही बघून घ्या, किरकोळ काम आहे," असं सांगून तो मेहुणीच्या लग्नाला गेला. तो अजून आलेला नाही. एवढं लांबलेलं लग्न मी दुसरं पाहिलं नाही.

किरकोळ काम असं होतं. जुन्या कार्बोरेटरला पेट्रोलसाठी एकच तोंड. टाकीतून नळी यायची, पंपातून जायची आणि त्या तोंडात शिरायची. नव्याला दोन तोंडं. एकातून पेट्रोल आत घ्यायचं आणि जास्तीचं झालेलं दुसऱ्यातून परत टाकीत पाठवायचं. म्हणजे गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत एक नवी, परतीची नळी टाकणं आलं. आणि दोन तोंडांपैकी आत यायचं कुठलं आणि परत जायचं कुठलं हे कार्बोरेटरवर लिहिलेलं नव्हतं. एक तोंड जाड होतं, एक बारीक, एवढंच.

आमच्या इमारतीत कुणी बॉनेट उघडलं की वरच्या सगळ्या गॅलऱ्या भरतात. सगळ्यात आधी खाली उतरले ते टाकीकाका. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. इमारतीच्या गच्चीवरची टाकी त्यांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांच्याशी वाद कुणी घालत नाही. घातला की त्या मजल्याचं पाणी दुपारी जातं.

"तत्त्व एकच," टाकीकाका म्हणाले. "पाणी काय आणि पेट्रोल काय. टाकीत येणारा पाइप नेहमी बारीक आणि ओव्हरफ्लोचा जाड. उलटं केलंत की गच्ची भरते. त्यामुळे हे बारीक तोंड आत यायचं आणि हे जाड परत जायचं. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "हं." सासऱ्यांच्या या 'हं'चे घरात आजवर अनेक अर्थ लावले गेलेत आणि सगळे चुकलेत. मी त्याचा अर्थ 'करा' असा घेतला.

मग नळी आणायला गेलो. लांबी हवी म्हणून बायकोच्या शिवणाच्या टेपने मी गाडी मोजली होती, बॉनेटपासून डिकीपर्यंत, टपावरून. कागदावर लिहून नेली होती. दुकानदार म्हणाला, "जाडी किती?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "एवढी."

"असंच धरून घरून आलात?"

"नाही, आता धरलं."

"मग बोट हलत नाही याची खात्री काय?" त्याने विचारलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्या बोटाकडे बघू लागली. मी आयुष्यात अनेक मुलाखती दिल्यात, पण इतका कोंडीत कधी सापडलो नव्हतो. शेवटी त्याने दोन जाडीच्या नळ्या, मूठभर क्लिपा आणि एक फिल्टर माझ्यापुढे टाकला आणि "परत घेतलं जाणार नाही" या पाटीकडे बोट केलं. त्याचं बोट मात्र अजिबात हललं नाही.

नळी गाडीच्या खालून जाते, हे मला गाडीच्या खाली गेल्यावर कळलं. वरून सरळ असलेली गाडी खालून अत्यंत वाकडी असते. ही दांडी चुकव, तो गरम पाइप टाळ, मागच्या चाकाच्या वर चढ, पलीकडे उतर. माणसांनी सरकारी कामात घालावेत तेवढे हेलपाटे नळीने घातले. गाडीच्या खाली पाठीवर पडलं की माणसाचे फक्त पाय समाजात उरतात. लोक माझ्या पायांशी बोलून जायचे. बायकोची एक मैत्रीण आली, पायांकडे बघून म्हणाली, "नवा मिस्त्री ठेवलात वाटतं?"

"हो," बायको म्हणाली. "स्वभावाने बरा आहे. हात जरा सावकाश चालतो."

हे मी खालून, तोंडात क्लिप धरलेली असताना ऐकलं. पोस्टाने पदवी मिळवून आणि ऑफिसात एवढी वर्षं घासून मी शेवटी स्वतःच्याच बायकोचा मिस्त्री झालो होतो, तोही सावकाश.

नळी डिकीपर्यंत पोहोचली आणि संपली. टाकीचं तोंड हातभर पुढे. दुकान बंद, कारण दुकानदारांना आपण कधी येणार ते आधी कळतं. तेव्हा पुढे आल्या सिस्टर. तळमजल्यावर राहतात, जन्मभर मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि इमारतीतला प्रत्येक दंड त्यांनी कधी ना कधी टोचलेला आहे.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या आणि घरातून सलाइनची नळी घेऊन आल्या. थेंब कमीजास्त करायच्या चाकासकट. "नवी आहे, वापरलेली नाही. आतलं दिसतंसुद्धा."

ही कल्पना सगळ्यांनाच इतकी आवडली की विरोध करायला कुणाची जीभ उचलेना. मी डिकीत वाकून रबरी नळीला ती पारदर्शक नळी जोडली, दुसरं टोक टाकीच्या तोंडाशी पक्कं केलं आणि वर गोल गोल चिकटपट्टी गुंडाळली. टाकीकाकांनी सांधा तपासला, पास केला. सिस्टरांनी सवयीने नळीवर टिचकी मारून हवा काढली.

चाचणीला सासरे स्टिअरिंगवर बसले. पंप मारला, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली, आणि चालू झाली! वरच्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. बायकोने माझ्याकडे असं बघितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. आणि तेवढ्यात गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा थोडं खोकून बंद. डिकीतल्या नळीतून मात्र पेट्रोल कसं खळाळत चाललं होतं.

"बघा!" टाकीकाका खूश. "परतीचा प्रवाह उत्तम आहे."

"काका, इंजिन बंद पडतंय," मी म्हणालो.

"तो इंजिनाचा प्रश्न. नळ्यांचं काम चोख आहे."

सिस्टर डिकीत बघत होत्या. "अहो, सगळं परतच जातंय," त्या म्हणाल्या. "पेशंटच्या पोटात काही राहायला नको का?" आणि त्यांनी ते सलाइनचं चाक फिरवून नळी बंद केली. गाडी लगेच सुरू झाली ती बंदच पडेना. तेव्हा कुठे उलगडा झाला. पेट्रोल टाकीतून निघायचं, बारीक तोंडातून अंग चोरत आत यायचं, कार्बोरेटरला नमस्कार करायचं आणि जाड तोंडातून मोकळेपणी घरी परतायचं. जोडणी उलटी होती. जाड तोंड आत यायचं होतं.

मी टाकीकाकांकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते. "पेट्रोलचं खातं वेगळं," ते म्हणाले. "मी पाण्यापुरतं बोललो होतो." दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं पाणी गेलं.

नळ्या अदलाबदल केल्या. गाडी धडधडत उभी राहू लागली. आता फक्त तपासणीची वेळ घ्यायची होती, म्हणून मी परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी माझं पत्र बघितलं.

"गाडी चालवत आणायची," त्या म्हणाल्या.

"आणतो. पण तिचं प्रमाणपत्र संपलंय. रस्त्यावर चालवली तर चालेल ना?"

"छे! प्रमाणपत्राशिवाय रस्त्यावर आणायची नाही."

"मग टेम्पोवर घालून आणू?"

"टेम्पोवर आणलेली गाडी तपासत नाहीत. स्वतःच्या इंजिनावर यायला हवी."

"म्हणजे रस्त्यावर न चालवता चालवत आणायची?"

"आता कसं कळलं तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. एवढं समंजस गिऱ्हाईक त्यांना बहुतेक बऱ्याच दिवसांनी भेटलं असावं. वेळ मात्र दिली.

तपासणीच्या सकाळी सासरे कडक इस्त्रीचे कपडे घालून, वर कोट चढवून, आमच्या आधी खाली जाऊन बसले होते. मला वाटलं, सरकारी कचेरीत जायचं म्हणून. स्टिअरिंगवर ते, शेजारी मी, मागे टाकीकाका आणि सिस्टर. बायकोला जागा उरली नाही. ती गॅलरीतून हात हलवत राहिली, तर सासरे मान वर करून तिच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघत होते. मग गाडी निघाली. काय निघाली! चौकातला पोलीससुद्धा अडवायचं विसरून बघत उभा राहिला. मागून टाकीकाका येणाऱ्याजाणाऱ्यांना "नळ्या आम्ही टाकल्यात" असं सांगत होते. फक्त पेट्रोलचा वास जरा जास्त येत होता. मी म्हटलं, माझ्या हातांचा.

तपासणी अधिकारी तरुण, काटेकोर आणि सर्दी नसलेला होता. दिवे बघितले, हॉर्न वाजवला, बॉनेट उघडून इंजिन ऐकलं, मान डोलावली. गाडीला एक फेरी मारली आणि मागे येऊन थबकला. नाक वर केलं.

"डिकी उघडा."

"डिकीत काही नाही," सासरे म्हणाले. इतक्या चटकन मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"उघडा."

मी उघडली. सलाइनच्या नळीला पेट्रोल मानवलं नव्हतं. ती वाळक्या काडीसारखी ताठ होऊन सांध्यातून सुटली होती, आणि माझी चिकटपट्टी तिथेच लोंबत होती. परतीचं पेट्रोल टाकीत न जाता रस्ताभर डिकीत साठलं होतं. आणि त्या तळ्यात मधोमध एक गच्च भरलेली प्रवासी बॅग बसली होती.

अधिकारी दोन ढांगांत मागे सरकला आणि कोपऱ्यात सिगारेट ओढणाऱ्या शिपायावर असा ओरडला की त्याने सिगारेटबरोबर हातातला चहाही टाकला. मग दुरूनच त्याने विचारलं, "बॅग कुणाची?"

"माझी," सासरे म्हणाले.

"प्रवासाला निघालात?"

सासरे मागच्या टायरकडे बघत उभे राहिले. "गाडी नापास झाली असती, तर बस स्टँड इथून जवळ आहे," ते टायरला म्हणाले. "परत घरी जाऊन निरोप घ्यायचा म्हणजे... ती पोरगी नळ सोडून बसते. ते मला ऐकवत नाही."

मला राग आला. असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पेट्रोलच्या वासाने आलं असंही म्हणता येईल, पण ते खोटं ठरेल. गाडीच्या खाली पाठ सोलून घेतली ती मी. बोट धरून दुकानात हसं करून घेतलं ते मी. आणि हे म्हातारं परस्पर बसने निघालं होतं! मला त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. की बाबा, गाडी भंगारात गेली काय आणि राहिली काय, तुम्ही कशाला जाता? की संध्याकाळी मला "आलात?" कोण विचारणार? पण तोंडातून निघालं ते एवढंच: "बाबा, कपडे धुवायला लागणार सगळे."

"गळती. नापास," अधिकारी म्हणाला. सिस्टरांनी माझा दंड धरला. अधिकारी पुढे म्हणाला, "दुरुस्ती करून पुन्हा आणा. तोवर नोंदणी रद्द होत नाही."

"पुन्हा कधी?" मी विचारलं.

"दुरुस्ती झाल्याचं कळवा, मग आम्ही तारीख देऊ." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाला, "आणि आजोबा, ही बॅग घेऊन बसमध्ये चढलात तर मी स्वतः पोलिसांना बोलावीन. पेटेल ती!"

टाकीकाकांनी लगेच अनुमोदन दिलं. "कायदाच आहे तसा. पाण्याच्या खात्यातसुद्धा."

डिकी पुसली, नळीचं उघडं टोक खुंटी मारून बंद केलं आणि आम्ही परत आलो. बायको जिन्यातच उभी होती. मी बॅग तिच्यापुढे ठेवली. तिने एकेक कपडा बाहेर काढला. सदरे, धोतरं, थंडीचा स्वेटर, अगदी उशीची खोळसुद्धा. मागे काहीच ठेवलं नव्हतं. तिने वडिलांकडे बघितलं, वडिलांनी भिंतीकडे. मग ती सगळा ढीग उचलून न्हाणीघरात गेली आणि नळ पूर्ण सोडला. या वेळी धुण्यासाठी; निदान ती तसं म्हणाली.

कपडे वाळले, पण वास जाईना. पुन्हा धुतले, पुन्हा वाळत घातले. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. तोवर सासऱ्यांना घालायला माझे कपडे. ते उंच, मी बेताचा. माझा पायजमा त्यांच्या पोटरीवरच थांबतो आणि सदऱ्याची बटणं सतत राजीनाम्याच्या तयारीत असतात. गाडीतही वासामुळे बसवेना, म्हणून ते दिवसभर घरातच. पहिल्या दिवशी पायजमा खाली ओढत बसले. दुसऱ्या दिवशी माझं कपाट उघडून म्हणाले, "तुमच्याकडे एकही धड सदरा नाही!" या घरात आल्यापासूनची त्यांची ही पहिली तक्रार. बायकोचा चेहरा असा खुलला की मला राहवेना. मी माझे आणखी दोन भिकार सदरे काढून त्यांच्यापुढे ठेवले. मग त्यांना कंठच फुटला. आमटीत मीठ कमी आहे. दाराची कडी करकरते. पेपर उशिरा येतो आणि येतो तोही भलताच. बायको प्रत्येक तक्रारीला "हो बाबा" म्हणायची आणि आत जाऊन गुणगुणायची.

सुट्टीच्या दिवशी मी योग्य जाडीची रबरी नळी आणून, या वेळी बोट न दाखवता, खाली डिकीत वाकलो. काम अगदी थोडं होतं. ताठ झालेली नळी काढायची, नवी घालायची, दोन क्लिपा आवळायच्या. पहिली क्लिप आवळतोय तर मागे पावलं वाजली. सासरे. माझा पायजमा, माझा सदरा, वरचं बटण तुटलेलं.

"एवढं आवळलं की झालं, बाबा," मी म्हणालो. "उद्याच त्यांना कळवतो आणि तारीख मागतो."

त्यांनी डिकीत वाकून सांधा बघितला. बराच वेळ बघितला. मग माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि सदऱ्याच्या, म्हणजे माझ्याच सदऱ्याच्या, खिशात टाकला.

"इतकी काय घाई आहे?" ते म्हणाले. "बघू सावकाश. वर चला, मी तिला चहा टाकायला सांगितलाय."

मी डिकी लावली आणि त्यांच्या मागोमाग जिना चढलो. स्क्रूड्रायव्हर अजून त्यांच्याकडेच आहे.